चाफ्याला तारेची पानं

बंद पडलेली कुठलीही वस्तू माझ्यापुढे आणा, दोन दिवसांत फिरायला लागेल! अडतीस वर्षं मी मोटारींचं वाइंडिंग केलं. पंखे, पंप, मिक्सर, काय वाटेल ते. म्हणून बायको जाताना तिचा कुंडीतला चाफा माझ्यावर सोपवून गेली, तेव्हा मला वाटलं, ह्यात काय आहे!

ती मात्र मला ओळखून होती. हॉस्पिटलात म्हणाली, "अहो, चाफ्याचं एकच करा. त्याला काही करू नका."

आठ महिने मी काही केलं नाही. रोज पाणी घातलं, पण ते काही करणं नव्हे. मग थंडी पडली, आणि एका सकाळी बाल्कनीत दोन पानं गळलेली. दुसऱ्या दिवशी पाच. आठवड्याभरात नुसता दांडका उरला, पाती काढलेल्या पंख्यासारखा!

कपाटात तिच्या साड्या आहेत, खिडकीत चष्मा आहे. पण तिचं म्हणून जिवंत असं घरात एवढंच होतं. आणि तेही मी घालवलं?

वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरला बोलावलं. तो निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्याचे सल्ले अजून ड्यूटीवर आहेत. त्यानं खोडाला हात लावला.

"गार पडलंय."

"म्हणजे गेलं?"

"छे हो! थंडी बाधलीये. ऊब द्या. आणि ताकदीचं काहीतरी."

मी शंभरचा बल्ब लावला. खत दुप्पट, पाणी तिप्पट! बायकोचा जांभळा स्वेटर आणून चाफ्याला घातला. दोन फांद्या दोन बाह्यांत अशा चपखल बसल्या, की मापच घेतलं होतं जणू!

पण शनिवार उजाडला. शनिवारी मुलीचा व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न, "बाबा, जेवलात का?" दुसरा, "आईचा चाफा दाखवा."

मी डोकं चालवलं. कंपाउंडरच्या रबराच्या झाडाची सहा पानं तोडली आणि तांब्याच्या तारेनं फांद्यांना बांधली. वेढे असे सफाईदार, की गिऱ्हाईक खूश झालं असतं! कंपाउंडरला फोन धरून लांब उभं केलं.

"बाबा, पानं एवढी चकचकीत?"

"पुसली!"

"आणि ते चमकतंय काय?"

"ऊन!"

"बरं. आणि चाफ्यानं आईचा स्वेटर का घातलाय?"

स्वेटर काढायचा राहिलाच होता! मी तोंड उघडणार, तेवढ्यात एक पान तारेसकट खाली पडलं.

"मी उद्या येते," मुलगी म्हणाली.

आली. बल्ब पाहिला, तार पाहिली, स्वेटर पाहिला आणि मटकन खाली बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती!

"अहो बाबा, थंडीत चाफा पानं टाकतोच! झोपतो तो! दर वर्षी!"

"दर वर्षी?"

"एकवीस वर्षं राहताय ना ह्या घरात?"

मी उठायच्या आधी बायको बाल्कनी झाडून घ्यायची. मला कधी एक पान दिसलं नाही.

मुलीनं स्वेटर काढला, थोडा वेळ तसाच छातीशी धरला. मग म्हणाली, "पाणी बंद. बल्ब बंद. कंपाउंडर बंद! आई तुम्हाला काय सांगून गेली होती?"

"त्याला काही करू नका."

"मग?"

"चौतीस वर्षांत मी तिचं कधी ऐकलं होतं?"

ह्या वेळी ऐकलं. दोन महिने हात मागे बांधून कुंडीसमोर बसलो. एवढं कष्टाचं काम मी जन्मात केलं नव्हतं! मग ऊन तापलं आणि फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसला. ठिपक्याचं पान झालं, अंगठ्याएवढं. शनिवारची वाट न बघता मी मुलीला कॉल लावला.

"आलं! पान आलं!"

तिनं डोळे बारीक केले. "खरं आहे, की बांधलंय?"

"तुझ्या आईची शपथ!"

"ओढून दाखवा."

मी ओढून दाखवलं. खरंच होतं. हातात आलं.