मानाचा डेस्कटॉप

सोमवारी सव्वादहाला कृष्णात पोवार ऑफिसात आले, डबा खिडकीत ठेवला, खुर्चीवरचा टॉवेल झटकला आणि शेजारच्या टेबलाकडं बघून तसेच उभे राहिले. अमरसिंह इंगवल्यांच्या कॉम्प्युटरवर डोंगर होता. निळा, जांभळा, कुठल्या तरी थंड मुलखातला. शनिवारी सकाळपर्यंत तिथं पोवारांच्या कॉम्प्युटरवर होता तसाच साधा हिरवा रंग होता. खालची पट्टी गेली होती. डाव्या कोपऱ्यातलं मेनूचं बटण गेलं होतं. वर एक बारीक काळी पट्टी, तिच्या मधोमध घड्याळ, आणि बाकी नुसता डोंगर.

शाहूपुरीतला हा खरेदी-विक्री संघ गावोगावच्या सोसायट्यांना पेंड, खत आणि बियाणं पुरवतो. गावाहून फोन आला की पोवार नाहीतर इंगवले चलन काढणार आणि चलन बघून गोदामवाला ट्रक भरणार, इतकं सरळ काम. पाच वर्षांपूर्वी व्हायरसनं सगळी चलनं खाल्ली तेव्हा निशा मॅडम नावाच्या इंजिनिअर बाईंनी दोघांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम बसवली. लिनक्स म्हणजे काय हे संचालक मंडळात कुणालाच कळलं नाही, पण पुन्हा व्हायरस आला नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही.

खरी गोष्ट अशी होती की शनिवारी दुपारी पोवार घरी गेल्यावर इंगवल्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. निशा मॅडमनी आतली डिस्क बदलली आणि बदललीच आहे तर लिनक्सही ताजं टाकलं. म्हणजे हा काही बहुमान नव्हता, आजारपण होतं. इंगवले साडेनऊपासून मेनूचं बटण शोधत होते. त्यांना घाम फुटला होता आणि पोवार आल्या आल्या त्यांनाच विचारायचं असं त्यांनी ठरवलंही होतं.

पण पोवारांनीच आधी विचारलं, "हे तुमाला कधी दिलं?"

त्या 'दिलं'नं सगळा घोळ केला. इंगवले खुर्चीत सरळ झाले.

"शनवारी," ते म्हणाले. "निशा मॅडम स्वतः आलत्या. म्हटल्या, आधी तुमच्यावर बसवूया."

"आधी?"

"आधी."

पोवारांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांना कॉम्प्युटरचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. प्रश्न क्रमाचा होता. पोवारांची नोकरी बावीस वर्षांची, इंगवल्यांची एकोणीस. आणि महिनाअखेरीला हेडक्लार्क चौगुले निवृत्त होणार होते. चौगुल्यांची खुर्ची हाताची होती, फिरती होती, पंख्याखाली होती. पोवार तिच्याकडं बावीस वर्षं बघत आले होते आणि आता ऐनवेळी डोंगर दुसऱ्याच्या वाट्याला गेला होता.

ते तडक मॅनेजर संयोगिता मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, संघात सिनियर कोण?"

"तुम्हीच की."

"मग नवीन सिस्टीम इंगवल्याला कशी?"

"अहो, त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला होता. तुमचा चांगला चाललाय."

"त्येच म्हणतोय मी. चांगला चाललाय म्हणून मागं ठेवलं."

संयोगिता मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. गुरुवारी निशा येणार आहे, तुमच्यावरही टाकायला सांगते, असं म्हणून त्यांनी पोवारांना वाटेला लावलं.

रात्री जेवताना पोवारांनी भाकरी अर्धीच ठेवली. शालूबाईंनी ताटाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. "आता कुणाला फेटा आधी बांधला?" त्यांनी विचारलं.

मेहुणीच्या लग्नात धाकट्या साडूला फेटा आधी बांधला म्हणून पोवार जेवणाच्या पंगतीला न बसता दोन तास टेंपोत जाऊन बसले होते. त्याला सोळा वर्षं झाली होती. टेंपो भंगारात गेला, पण विषय घरात चालू होता.

"फेट्याचं न्हाय," पोवार म्हणाले. "डोंगराचं हाय."

शालूबाईंनी उरलेली भाकरी झाकून ठेवली. मानपान कशाकशात असू शकतो याची त्यांना सवय झाली होती.

मंगळवारी इंगवल्यांनी कळस केला. एक बटण चुकून दाबलं गेलं आणि पडद्यावरची सगळी पानं लहान होऊन ओळीत उभी राहिली. इंगवले स्वतःच दचकले, पण पोवार बघतायत म्हटल्यावर त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं, मग पुन्हा. दिवसभर पानं लहान होत होती आणि मोठी होत होती. "काय स्पीड हाय," ते मधूनच स्वतःशी म्हणत, पण स्वतःशी म्हणण्याच्या मानानं जरा मोठ्यानं. दिवसभरात त्यांनी एकही चलन काढलं नाही, हे पोवारांच्या ध्यानात आलं नाही. जळणाऱ्या माणसाला समोरच्याचा डोंगर दिसतो, काम दिसत नाही.

बुधवारी दुपारनंतर इंगवल्यांनी आपला पडदा भिंतीकडं फिरवून ठेवला.

"तिकडं का फिरवला?" पोवारांनी विचारलं.

"उजेड येतो डोळ्यावर."

खिडकी दुसऱ्या बाजूला होती. आता आणखी काहीतरी नवं मिळालंय आणि ते आपल्यापासून लपवतायत, याबद्दल पोवारांच्या मनात शंका उरली नाही.

गुरुवारी निशा मॅडम आल्या. फार न बोलणारी बाई. पोवारांच्या टेबलाशी बसून त्यांनी कॉम्प्युटर तपासला आणि म्हणाल्या, "सर, तुमचं नीट चाललंय. नवीन रचना वेगळी आहे. आठवडाभर तरी त्रास होईल. खरंच टाकू?"

"त्रास? इंगवल्याला झाला काय?"

निशा मॅडमनी इंगवल्यांकडं बघितलं. इंगवले घाईघाईनं उठले आणि पाणी प्यायला गेले.

"टाकते," निशा मॅडम म्हणाल्या.

दोन तासांनी पोवारांच्या पडद्यावर डोंगर उगवला. त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून शालूबाईंना पाठवला. मग कामाला बसले आणि त्यांचा हात आपोआप खाली डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं काही नव्हतं. पोवारांना कुठल्याच प्रोग्रॅमचं नाव माहीत नव्हतं. त्यांना जागा माहीत होती. डावा कोपरा, वर तिसरी ओळ, उजवीकडं दुसरं चित्र, म्हणजे चलन. पाच वर्षं हात तिथं जात होता, डोक्याला त्रास नव्हता. आता निशा मॅडमनी सांगितलं होतं की नाव टाइप करा, आपोआप येईल. पोवारांनी 'चलन' टाइप केलं. काही आलं नाही. 'पेंड' टाइप केलं. कॅल्क्युलेटर आला.

"कसं वाटतंय?" इंगवल्यांनी विचारलं.

"हलकं," पोवार म्हणाले. "एकदम हलकं वाटाय लागलंय."

शुक्रवारी सकाळी शिरोळच्या सोसायटीचा फोन आला. साठ पोती पेंड पाहिजे होती. पोवारांनी अर्ध्या तासाच्या झटापटीनं चलनाचं पान शोधून काढलं, भरलं, छापायचं बटण दाबलं आणि माऊसचं चाक फिरलं. पान सरकून दिसेनासं झालं. नव्या रचनेत एका पडद्याशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा असे पडदे असतात आणि पान शेजारच्या पडद्यावर सुखरूप बसलेलं होतं. पोवारांपुढं मात्र नुसता डोंगर होता. शेजारी इंगवल्यांना विचारायची सोय नव्हती. छापलंच गेलं नाही असं समजून त्यांनी दुसरं चलन भरून छापायला दिलं. तेही गेलं. तिसरं भरताना त्यांनी माऊसला हातच लावला नाही, तरी ते गेलं.

प्रिंटर दाराशी होता आणि तिथून चलनं गोदामवाला स्वतः उचलून न्यायचा. त्यानं तीन चलनं उचलली. तीन चलनं म्हणजे तीन ट्रक. कागद आला की भरायचं, विचारायचं नाही, हा त्याचा नियम. शिरोळला एक ट्रक गेला, मग मुरगूडसाठी उभा केलेला ट्रकही शिरोळला गेला, आणि तिसरा बाहेरून बोलवावा लागला.

तीन वाजता शिरोळहून फोन आला. "पावणं, साठ पोती सांगितल्याली, एकशेऐंशी आल्यात की. आमच्याकडं तेवढ्या म्हशी न्हाईत."

"असू देत, ठेवा," पोवार म्हणाले.

"कुठं ठेवू? शाळेच्या व्हरांड्यात थप्पी लावलीया. मास्तर आत अडकल्यात."

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच मुरगूडचा आला. तिथल्या लोकांना म्हशी होत्या, पेंड नव्हती, आणि ते जे बोलले ते पोवारांनी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. एवढ्यात संयोगिता मॅडम केबिनमधून बाहेर आल्या.

"पोवार, शिरोळला तीन चलनं कशी गेली?"

सगळं ऑफिस बघत होतं. मुख्य म्हणजे इंगवले बघत होते. आता चूक कबूल केली तर चौगुल्यांची खुर्ची गेलीच.

"मॅडम, सिस्टीम लई फास्ट हाय," पोवार म्हणाले. "मी एक म्हणायच्या आत तीन काढती. हात जरा आवरून धराय लागणार."

संयोगिता मॅडम विचारात पडल्या. आणि इंगवल्यांचा चेहरा उतरला. "माझ्यात तर एकच निघतंय," ते पुटपुटले आणि बराच वेळ आपल्या कॉम्प्युटरकडं संशयानं बघत राहिले. त्या संध्याकाळी पोवारांना आठवड्यात पहिल्यांदाच पोटभर जेवण गेलं.

पण शनिवारी पुन्हा चलन काढायची वेळ आली तेव्हा ते माऊसपासून हात लांब धरून बसले. दुपारी इंगवले जेवायला गेल्यावर त्यांनी निशा मॅडमना बोलावून घेतलं.

"मॅडम, जुनं परत बसवून द्या."

"बरं."

"पण वरनं नवं दिसलं पाहिजे. डोंगर तसाच ठेवा."

निशा मॅडमना काहीच आश्चर्य वाटलं नाही, याचंच पोवारांना जरा आश्चर्य वाटलं. "जुनी पट्टी खाली लपवून ठेवते," त्या म्हणाल्या. "माऊस तळाला नेला की वर येईल. एरवी कुणाला दिसणार नाही." इतकं पटकन आणि इतकं मुद्देसूद त्यांनी ते केलं, जणू हे काम त्यांच्या रोजच्या सवयीचं होतं.

सोमवारी संयोगिता मॅडमनी दोघांना बोलावलं. केबिनमध्ये निशा मॅडमही बसल्या होत्या.

"एका मिनिटात तीन चलनं म्हणजे चेष्टा नाही," संयोगिता मॅडम म्हणाल्या. "सगळ्या शाखांत हीच सिस्टीम टाकूया. इचलकरंजीला बुधवारी चाळीस लोकांचं शिबिर ठेवतेय. शिकवायला तुमच्यापैकी एक जण जाईल. कोण जातंय?"

मग कृष्णात पोवार, जे सोळा वर्षं एक फेटा विसरले नव्हते, घसा खाकरून म्हणाले, "इंगवल्यांना पाठवा. मान त्यांचा. त्यांच्याकडं आधी आलंय."

"छे छे," इंगवले म्हणाले. "सिनियर पोवार हैत. त्यांच्याफुडं मी कसा जाऊ?"

"अहो, सिनियर असलो म्हणून काय झालं? तुमचा हात बसलाय."

"तुमच्यात तीन निघत्यात. माझ्यात एक."

"तुमी जावा हो."

"मला तर बोलावलं तरी जाणार न्हाय."

दहा मिनिटं हे चाललं. शेवटी संयोगिता मॅडम उठल्या. "दोघंही करून दाखवा. मी ठरवते," म्हणून त्या बाहेर येऊन पोवारांच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी माऊस धरला, डोंगरावरून इकडंतिकडं फिरवला आणि सहज खाली नेला. पडद्याच्या तळातून जुनी पट्टी हळूच वर आली. डाव्या कोपऱ्यात मेनूचं बटण होतं.

"जुनंच हाय की हे," इंगवले इतक्या जोरात हसले की गोदामवाला खिडकीतून डोकावला. "वर नुसता डोंगर चिकटवलाय."

संयोगिता मॅडम इंगवल्यांच्या टेबलाकडं गेल्या. भिंतीकडं तोंड केलेला पडदा त्यांनी सरळ केला आणि माऊस खाली नेला. तीच पट्टी, तेच बटण, तोच कोपरा. इंगवल्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं.

दोघंही शाळेत पकडल्यासारखे उभे राहिले. संयोगिता मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "बसा," त्या म्हणाल्या. "पोवार, चौगुल्यांची खुर्ची एक तारखेपासून तुमची. मागच्याच महिन्यात मंडळानं ठरवलंय, ज्येष्ठतेप्रमाणं. तुम्ही काही केलं नसतं तरी मिळणारच होती. हे केलंत तरी मिळाली, हे तुमचं नशीब. उद्या पहिल्यांदा शिरोळला जाऊन एकशेवीस पोती परत आणा, आणि मास्तरांची माफी मागा."

त्या केबिनमध्ये गेल्या. इंगवल्यांनी कसनुसं हसून पोवारांचा हात हातात घेतला. "अभिनंदन," ते म्हणाले, आणि बघता बघता त्यांची नजर पंख्याखालच्या खुर्चीकडं गेली. पोवारांना बरं वाटलं. बावीस वर्षांनी खुर्ची मिळाली होती, तीही इंगवल्यांच्या डोळ्यांदेखत. निशा मॅडम बॅग आवरत होत्या. पोवार त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि तिथं थांबले.

"मॅडम, एक विचारू काय?"

"विचारा की."

"इंगवल्याला जुनं कधी करून दिलं?"

"बुधवारी दुपारी, तुम्ही जेवायला उठलात तेव्हा. तुमच्यावर नवीन टाकायच्या आदल्या दिवशी."

"आनि मला शनवारी."

"हो."

पोवारांनी दाराची कडी धरली. मागं पंख्याखाली चौगुल्यांची खुर्ची वाऱ्यानं आपोआप थोडीशी फिरली, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "जुनं पण त्यालाच आधी."