काहीच नको म्हणणारा पाहुणा

"आठवडाभर! फोन नाही, पंखा नाही, गादी नाही! बघच तू, माणसाला जगायला किती कमी लागतं ते!"

विमा कंपनीच्या हेडक्लार्कने बायकोला असं ठणकावून सांगितलं आणि तिला घेऊन तो थेट डोंगरमाथ्यावरच्या गावात जाऊन धडकला. साधेपणा अंगी मुरावा म्हणून त्याने कोपरांवर विरलेला सदरा घातला होता. बायकोने तोंडाला कुलूप घातलं होतं.

गाव म्हणजे वाऱ्याला घाबरून एकमेकांना बिलगलेली मूठभर घरं. एका एकट्या म्हातारीने दोघांना आपली बाहेरची खोली दिली. खोलीत खाट बघून हेडक्लार्क दचकला.

"खाट नको, मावशी. आम्ही जमिनीवरच झोपणार!"

"का रे बाबा?"

"आता कशाचा मोह नाही. घर, ऑफिस, सगळं सोडून आलोय!" तो छाती फुगवून म्हणाला.

"सगळं?"

"सगळं!"

म्हातारीने बायकोकडे पाहिलं. बायकोने मोठ्ठा उसासा टाकला. म्हातारीला जे समजायचं ते समजलं!

दुसऱ्या दिवसापासून नवलच सुरू झालं. सकाळी म्हातारीने जाड लोकरीची चादर आणून दिली. "नको" म्हटलं तर हातात कोंबली. मग शेजारीण बटाट्यांची टोपली ठेवून गेली. दुपारी मेंढपाळाने दाराशी चक्क एक शेळी आणून बांधली!

"अहो, शेळी कशाला? आम्हाला खरंच काही नको!"

मेंढपाळाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "धीर धरा. हेही दिवस जातील."

हेडक्लार्कचे डोळे भरून आले. "ऐकलंस? 'हेही दिवस जातील!' अगं, मेंढ्या राखणारा माणूस, पण केवढं तत्त्वज्ञान! आणि देतात तरी किती! हे लोक असे कसे गं?" त्याला कुतूहल स्वस्थ बसू देईना. जरा जास्त वेळा 'नको' म्हणून बघितलं. तासाभरात दूध, सरपण आणि कुणाचे तरी जुने बूट येऊन पडले!

संध्याकाळी सुतार आला. त्याने हेडक्लार्कचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. "मऊ आहेत. पण शिकाल. उद्यापासून करवत ओढायला या. पोटापुरतं सुटेल."

तो गेल्यावर बायकोने तोंड उघडलं. "अहो, त्यांना वाटतंय आपलं दिवाळं निघालंय!"

हेडक्लार्क ताडकन उठला आणि चादर घेऊन म्हातारीच्या खोलीत शिरला. तिथे तो थिजलाच. म्हातारीच्या अंथरुणावर पांघरायला नुसती पोती होती. गावातल्या त्या बोचऱ्या थंडीत तिने आपली एकुलती एक चादर त्याला दिली होती!

"मावशी, ही घ्या परत! मी कंगाल नाही हो! माझी पक्की नोकरी आहे, फ्लॅट आहे, गाडीसुद्धा आहे!"

आरडाओरडा ऐकून अंगणातून सुतार, मेंढपाळ, शेजारीण, सगळे आत आले.

"डोक्यावर परिणाम झालाय," सुतार मेंढपाळाच्या कानात पुटपुटला.

म्हातारीने बायकोचा हात हातात घेतला. "पोरी, कधीपासून असं बडबडतायत?"

"लग्न झाल्यापासून!"

हेडक्लार्क 'अगं, अगं' करत राहिला. बायकोने त्याच्या हातातली चादर काढून घेतली आणि म्हातारीच्या खांद्यांवर नीट गुंडाळली. "मावशी, ही तुम्हीच पांघरा. यांना लोकरीची अंगभर खाज सुटते. मला डोळ्याला डोळा लागू देत नाहीत."

"अगंबाई! मग आधी नाही का सांगायचं?" म्हातारीने चादर घट्ट ओढून घेतली.

"पण मला कुठे खाज..." हेडक्लार्क म्हणाला. बायकोने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्याने मुकाट्याने मान खाजवायला सुरुवात केली. मग पाठ. मग दोन्ही पोटऱ्या!

"शेळीच्या केसांनीही होतं बरं का असं," मेंढपाळ काळजीने म्हणाला आणि शेळी सोडायला धावला.

सुतार मात्र जागचा हलला नाही. तो हेडक्लार्कला बराच वेळ न्याहाळत होता.

"लाकडाची तर नाही ना सुटत खाज?"

"ना... नाही," हेडक्लार्क म्हणाला.

"मग उजाडल्यावर या. करवत तयार ठेवतो."