सर्व्हिसिंगला दिलेला जावई

"माझं नेलपॉलिश कुणी घेतलं?" असं विचारत बायको अंगणात आली, तेव्हा स्टोअरकीपर मोटारसायकलखाली उताणा पडून त्याच नेलपॉलिशने सायलेन्सरच्या नटावर लाल ठिपका देत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"गाडी आज सर्व्हिसिंगला न्यायचीय. हे गॅरेजवाले आपला चांगला पार्ट काढून घेतात आणि भंगारातला बसवतात. आता बदलून दाखव म्हणावं! जिथे तिथे माझी खूण आहे."

"मग लिपस्टिकही देते. हेडलाइटला लावा."

स्टोअरकीपरने तिकडे कानाडोळा केला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याची कीर्तीच तशी होती. कुणी सहीपुरतं पेन मागितलं तर तो पेन देई, पण टोपण स्वतःच्या मुठीत ठेवी. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, एक चोर आणि दुसरे अजून न सापडलेले चोर, अशी त्याची पक्की समजूत. तो स्वतः कोणत्या प्रकारात मोडतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

शिवाय या खेपेला जिवाला घोर लागावा असंच कारण होतं. गाडी मूळची सासऱ्यांची. "वर्षभर नीट सांभाळून दाखवा जावईबापू, मग नावावर करून देतो," असं म्हणून त्यांनी ती दिली होती. वर्ष सरत आलं होतं आणि उद्या सासरे गाडी तपासायला येणार होते. एक पार्ट जरी इकडचा तिकडे झालेला दिसला असता, तरी गाडी आल्या वाटेने परत गेली असती.

म्हणून त्याने सकाळ कारणी लावली. ठिपका नीट धरावा यासाठी सगळी गाडी रॉकेलच्या फडक्याने पुसली. कुठेकुठे पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडालेले होते, तेही नखाने खरवडून काढले. मग आरसे काढले, कारण आरसे जातात. टूलकिट काढलं, कारण ते तर जातंच. पेट्रोल डब्यात ओतून घेतलं. शेवटी नंबरप्लेटही काढली, कारण ती चोरून कुणी दरोडा घातला तर पोलीस कुणाच्या दारात येणार?

घामाघूम होऊन तो गाडी ढकलत गॅरेजात पोचला. मेकॅनिकने हात पुसत गाडीभोवती एक चक्कर मारली.

"काय बिघडलंय?"

"काही नाही. सर्व्हिसिंग."

"मग ढकलत का आणली?"

"पेट्रोल नाहीये."

"आरसे?"

"घरी आहेत."

"नंबरप्लेट?"

"तीही घरी."

"मग गाडी तरी कशाला आणलीत?" मेकॅनिक खाली वाकला. "आणि हे लाल ठिपके कसले?"

"आमची खूण आहे. तुम्ही त्यात पडू नका."

'आमची' म्हटल्यावर मेकॅनिकचा चेहराच बदलला. त्याने गुपचूप चावी खिशात टाकली आणि शटर अर्धं खाली ओढलं. "कागद बघू."

कागद होते, पण त्यावर नाव दुसऱ्याचं.

"हे माझे सासरे," स्टोअरकीपर म्हणाला.

"असं? मागे एक जण चोरीची गाडी घेऊन आला होता, त्याचेही सासरेच होते."

"अहो, तुम्ही पार्ट चोरू नयेत म्हणून मी हे सगळं केलंय!"

"मी? चोराच्या उलट्या बोंबा! सासऱ्यांना बोलवा, नाहीतर मी पोलिसांना बोलावतो."

सासरे रिक्षाने आले. बँकेत कॅशियर म्हणून जन्म काढलेला माणूस. जावयाकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी चष्मा लावला आणि ते इंजिनापाशी उकिडवे बसले.

"माझे ठिपके कुठायत?"

"कसले ठिपके?" जावयाने आपल्या नखांकडे पाहिलं.

"पिवळे! गाडी देताना एकेका पार्टला दिले होते. तुम्ही एखादा विकून खाल्लात तर कळायला नको? अहो, इथे तर एकही नाही! सगळी गाडी बदललीत की काय?"

"अहो मामा, मला वाटलं ते शिंतोडे आहेत! मी पुसले!"

"पुसले? का पुसले?"

आयुष्यात प्रथमच स्टोअरकीपर जीव तोडून खरं सांगत होता आणि ऐकणारा नेमका त्याच्यासारखाच निघाला होता. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

अखेर मेकॅनिकलाच दया आली. "पार्ट मूळचेच आहेत काका. रंग तेवढा खरवडलाय."

"तुम्ही म्हणताय म्हणून ऐकतो," सासरे उठले. "संशय आला तर गाडी अडवली. माणूस असावा तर असा! गाडी तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याशिवाय कुणाला द्यायची नाही. जावई आला तरी नाही." मग ते जावयाकडे वळले. "आणि तुम्ही घरी दडवलेलं सगळं इथे आणून जमा करा."

स्टोअरकीपर घरी जाऊन पिशवीत आरसे, टूलकिट, नंबरप्लेट आणि हातात पेट्रोलचा डबा घेऊन परत आला. मेकॅनिकने एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली. पेट्रोलचा वासही घेतला.

"काही ठेवून घेतलं नाही ना?" त्याने विचारलं. "मग इथे सही करा."

स्टोअरकीपरने खिसा चाचपला. पेन घरीच राहिलं होतं. मेकॅनिकने आपलं पेन पुढे केलं आणि टोपण मुठीत घट्ट धरून ठेवलं.