नव्यासारखी गाडी

परदेशातली नोकरी संपवून परतताना चकचकरावांनी फर्निचर विकलं, भांडी वाटून टाकली, पण गाडी मात्र बोटीत घालून सोबत आणली. चकचकराव हे नाव त्यांना बायकोनं ठेवलं होतं, आणि गाडी पाहिलेला माणूस ते चुकीचं म्हणणार नाही. सहा वर्षांत सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. पावसात गाडी बाहेर काढायची नाही, उन्हात उभी करायची नाही आणि उरलेल्या दिवसांत ती पुसायची, असा त्या घरचा कायदा होता.

बंदरावर कस्टमच्या शेडमध्ये साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चकचकराव, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी बाजूला उभी होती.

"ही गाडी नवी आहे," साहेब म्हणाले.

चकचकरावांचा चेहरा उजळला. "सगळे असंच म्हणतात! थँक्यू, साहेब."

कस्टमच्या कामासाठी नेमलेल्या एजंटनं त्यांना कोपर मारलं. "अहो, थँक्यू कसलं? वापरलेली गाडी म्हणून आपण सवलत मागतोय. नवी ठरली तर ड्युटी भरता भरता घर विकावं लागेल. नाही भरली तर गाडी इथेच राहणार, धूळ खात."

'धूळ' ऐकताच चकचकराव साहेबांपुढे धावले. "वापरलीय, साहेब! भरपूर वापरलीय!"

"कागद तसंच म्हणतात. पण जुन्या गाडीचे कागद लावून नवी आणणारे रोज येतात इथे. एखादा ओरखडा दाखवा."

"ओरखडा?" चकचकराव दुखावले. "माझ्या गाडीला?"

"मग डाग तरी?"

बायको मदतीला धावली. "साहेब, याच गाडीतून आम्ही एकदा समुद्रावर निघालो होतो. वाटेत ढग दिसले म्हणून परत फिरलो."

"याला वापर म्हणत नाहीत, ताई."

"तेच मी सहा वर्षं सांगतेय यांना!"

एजंट कानाशी लागला. "माझ्याकडे किल्ली आहे. मागच्या बाजूला एक बारीकशी रेघ ओढू?"

चकचकराव गाडीला पाठ लावून उभे राहिले. "आधी माझ्यावर ओढा."

साहेब कंटाळले. "गाडी पलीकडे उजेडात घ्या, इंजिन बघू. बसा सगळे. मीही येतो."

तिघं आपापल्या दाराशी गेली. चकचकरावांनी बूट काढून कागदात गुंडाळले. मुलीनं सँडल पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. बायकोनं रुमालानं दार उघडलं, चपला हातात घेतल्या, तळवे झटकले आणि कशालाही न टेकता ताठ बसली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी एक पाय आत टाकला, तशी तिघंही एकदम ओरडली, "बूट!"

एजंटनं डोळे मिटून घेतले. आता गाडीबरोबर आपलं लायसन्सही जाणार, याची त्याला खात्री झाली.

साहेबांनी पाय हळूच मागे घेतला आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "असंच बसता नेहमी?"

"घेतली त्या दिवसापासून," मुलगी म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हा."

"हे काही आदल्या दिवशी पढवून जमणारं नाही," साहेब म्हणाले. कागद बॉनेटवर टेकवणार तेवढ्यात चकचकरावांच्या घशातून बारीकसा आवाज आला, म्हणून त्यांनी कागद तळहातावर धरून सही केली, शिक्का मारला. "वापरलेली गाडी, मंजूर. गाडीवर दिसत नसलं तरी माणसं पार वापरून झालीयेत."

एजंटनं डोळे उघडले. चकचकरावांना इतका आनंद झाला की ते साहेबांना मिठीच मारणार होते, पण साहेबांच्या शर्टाला शाईचा डाग होता.

तोवर बायको खाली उतरली. तिनं चपला पायात घातल्या आणि तशीच परत गाडीत येऊन बसली.

"अगं, चपला!"

"आता वापरलेली आहे ना? शिक्का आहे सरकारचा," ती म्हणाली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकून बसली. मागच्या सीटवर मुलीनं प्लास्टिक टरकन फाडलं.

चकचकराव घाईघाईनं खिडकीतून वाकले.

"साहेब, एक मिनिट. नवी ठरली असती, तर ड्युटी नेमकी किती पडली असती?"