नाव जोरात पुकारा

पागे काकूंच्या घरी चहा हवा असेल, तर आधी ओळख पटवावी लागते. बेल वाजवली की आतून आवाज येतो, "पूरा नाम?" नुसतं "काकू, मी विलास" म्हटलं तर दार उघडत नाही, विलास काय, माधव नगरात ढिगानं असतील. "विलास, वडील एकनाथ, घर हेच, वरचा मजला," असं सांगितलं की मग कडी निघते. लगेच काकू तेच नाव सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पुकारतात. कुणाची हरकत नसली, की चहा.

मी त्यांचा भाडेकरू. बऱ्हाणपूरकडचा, घरातला पहिला पदवीधर, इथल्या सरकारी शाळेत शिक्षक. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत आणि सगळे त्यांना 'ए एकनाथ्या' म्हणत. त्यांचं नाव असं इज्जतीनं, ठणठणीत आवाजात मी पहिल्यांदा ऐकलं ते काकूंच्याच तोंडून. त्यामुळे दाराबाहेर उभं राहायचा मला कंटाळा येत नाही. पोस्टमनला येतो.

काकू मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि दर निवडणुकीत त्यांची ड्यूटी बायकांच्या मतदान केंद्रावर लागायची. काम एकच. टेबलाशी बसून येणाऱ्या बाईचं नाव मोठ्यानं पुकारायचं, म्हणजे शेजारी बसलेले पक्षांचे लोक ओळखतील आणि बाई खोटी असेल तर हरकत घेतील.

"अरे, घूंघटातल्या बायका स्वतःचंच नाव ऐकून मागे वळून बघायच्या," काकू सांगतात. "जन्मभर कुणाची बहू, कुणाची अम्मा. नाव कुणी घेतलंच नव्हतं ना! मी म्हणायची, बाई, तूच आहेस ती, पुढे ये."

नोकरी सुटली, ड्यूटी काही सुटली नाही. एका संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात स्टीलच्या वाट्या होत्या आणि काकूंना दुबार वाटपाचा संशय होता. त्यांनी भैरवगढच्या एका छिप्याकडून कापडछपाईचा काळा रंग आणला. कुंकू लावलं, वाटी दिली, की डाव्या तर्जनीवर काळा ठिपका. पलीकडच्या गल्लीतल्या सोनटक्के वहिनी तासाभरानं परत आल्या.

"काकू, जावेची वाटी राहिली."

"बोट दाखवा."

"अहो, जावेची म्हणतेय!"

"जाऊ स्वतः येईल. दुसऱ्याच्या नावानं चालत नाही."

तो रंग होळीपर्यंत निघाला नाही. आमच्या कॉलनीतल्या समस्त नोकरीवाल्या बायकांना ऑफिसात विचारणा झाली, की तुमच्याकडे कोणती निवडणूक होऊन गेली आणि आम्हाला कसं कळलं नाही.

मग आली कॉलनीच्या समितीची निवडणूक. काकू निवडणूक अधिकारी, अर्थातच बिनविरोध. मतपेटी म्हणून पिठाचा डबा. मतदान सुरू होण्याआधी तो रिकामा आहे हे सगळ्यांना दाखवायचं, म्हणून त्यांनी डबा उलटा केला. त्यातून एक झुरळ पडलं.

"यादीत नाव नाही," काकू म्हणाल्या. "बाहेर काढा."

मोजणीच्या वेळी एका चिठ्ठीवर घोळ झाला. चिठ्ठी कसली, देवास गेटच्या एका दुकानाचं कचोरीचं कूपन होतं ते.

"अवैध," काकूंनी जाहीर केलं.

अध्यक्षपदाचे एकमेव उमेदवार चौरसियाजी उठले. "अरे मैडम, ये कचोरी मैंने ही तो खिलाई थी! मत माझंच झालं ना!"

"असं? मग तुमची उमेदवारीच रद्द."

समितीला अध्यक्ष मिळाला नाही तो आजतागायत. पण मोजणी चोख झाली, हे चौरसियाजीही मान्य करतात.

अशा बाईच्या घरात राहून मी बीएलओ झालो, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर फिरणारा सरकारी माणूस. गेल्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. त्याचा फॉर्म मी मोठ्या उत्साहानं सगळ्यात आधी काकूंकडे नेला. वर्षभरापूर्वी त्यांचा खुबा मोडला होता आणि वॉकरशिवाय चालणं होत नव्हतं. पुण्याहून मुलाचा फोनही येऊन गेला होता, "सर, तिची सही घेऊनच टाका. बूथवर पडली तर मी इथून काय करणार?"

काकूंनी फॉर्म वाचला. "एकदा सही केली, की मग केंद्रावर जाता येत नाही ना?"

"नाही. पण गरजच काय? टीम घरी येईल. पडदा लावतील, गुप्त मतदान, व्हिडिओ शूटिंग, पोलीस, सगळा बंदोबस्त."

"आणि म्हणतील, माताजी, यहाँ साइन कर दो."

"म्हणेनात का."

"डॉक्टर माताजी म्हणतो, दूधवाला अम्माजी म्हणतो, तुम्ही सगळे काकू. पोरगा आई म्हणतो, तेही रविवारी." त्यांनी फॉर्मची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "नको रे. मी लाइनीत उभी राहीन."

"लाइनीत? काकू, तुम्ही न्हाणीघरापर्यंत जाता तर मला वर वॉकरची धडधड ऐकू येते!"

"मग कान बंद करत जा. विलास, वडील एकनाथ, अर्ज नामंजूर."

मुलानं मला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

मतदानाच्या दिवशी ई-रिक्शानं त्यांना शाळेत नेलं. काकूंनी ठेवणीतली महेश्वरी नेसली होती. रॅम्पवरून व्हीलचेअर मीच ढकलत आत नेली. टेबलाशी एक तरुण अधिकारी होता, सकाळपासून ओरडून बेजार झालेला. त्यानं कार्ड पाहिलं, यादीवर रेघ मारली आणि हळूच म्हणाला, "माताजी, हो गया. आगे बढ़िए."

मी ढकलू लागलो. चाक हलेना. काकूंनी ब्रेक लावला होता.

"नाव पुकारा."

"देख लिया ना माताजी, आप ही हैं."

"तुम्ही पाहिलंत. ह्यांनी?" काकूंनी पक्षांच्या प्रतिनिधींकडे बोट केलं. "मी खोटी असेन तर? पतीच्या नावासकट पुकारा. आणि जोर से."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे भिया, बोल दो ना, धूप लग रही है!"

पोरानं सुस्कारा सोडला, यादी वर धरली आणि छाती भरून ओरडला, "शालिनी पागे! पति, दिगंबर पागे!"

दिगंबरराव जाऊन मी राहायला येण्याआधीच कितीतरी वर्षं झाली होती. प्रतिनिधींनी माना डोलावल्या. कुणाचीही हरकत नव्हती. काकूंनी ब्रेक काढला, पदर नीट केला आणि डावं बोट पुढे केलं.

परत येताना त्या वाळत आलेल्या शाईवर फुंकर घालत बसल्या होत्या. रिक्शा गल्लीत वळली तेव्हा रस्त्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "बाहेर ऐकू आलं असेल का रे?"

"आलं की, काकू. पार गेटपर्यंत."

"दोघांचं?"

"दोघांचं."