बाळारामकाकांचे एकांडे आकडे

कामोठ्यात आमच्या बिल्डिंगखाली रिक्षा थांबली की शेजारचे बाळारामकाका आधी तिच्या मागे जातात. नंबर वाचतात आणि पुटपुटत भागाकार करतात. दोनने जातो का, तीनने, पाचने, सातने? कशानेच गेला नाही तर त्या रिक्षात पाय ठेवत नाहीत. आकडा मोठा असला तर ते तेरापर्यंत पोचेस्तोवर रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घेऊन पसार होतो.

शाळेत ज्यांना मूळ संख्या म्हणतात, त्यांना काका 'एकांडे' म्हणतात. "येक आन तो सोता, बाकी त्याला कोन नाय. अशाच्या वाऱ्याला उभा रावाचा नाय." नातवाच्या बारशाला सत्तेचाळीस पानं मांडली गेली, तेव्हा दारावर आलेल्या कुरिअरवाल्याला त्यांनी बळेच अठ्ठेचाळिसावा म्हणून बसवला. बिचारा हेल्मेट मांडीवर घेऊन जेवला. काकांचा लाडका आकडा बहात्तर. "भरलेला घर हाय तो. दोन, तीन, चार, सा, आठ, नऊ, बारा, समदे येतात."

मी खूप हसायचो. मग काकी गेल्या. काका तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, आणि स्मशानातून परतताना तेवढंच म्हणाले, की एकाहत्तर कशानेच जात नाही. थोरला भाऊ गेला तेव्हा ते सदुसष्टचे होते. तोही एकांडाच. आता बहात्तर संपत आलं होतं. एक जूनला त्र्याहत्तर लागणार होतं, पुन्हा एकांडं, आणि ते वर्ष आपण काढत नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मे उजाडला तसे ते बाहेर पडेनासे झाले. गॅसचा रेग्युलेटर पुन्हा पुन्हा तपासायचे, आंघोळीला दाराची कडी लावायचे नाहीत. सामानाची वाटणीही सुरू झाली. मला इस्त्री मिळाली. मी जात्याच भित्रा. सकाळी त्यांच्या घरातून रेडिओ ऐकू आला नाही की मी दाराबाहेर यायचो. बायको चहा घेऊन उभी असायची आणि मी जिन्यात कान लावून.

शेवटी काकांनी बहिणीला एकदा भेटून घ्यायचं म्हटलं. मी त्यांना गाडीने तिच्या गावी, नेऱ्याला नेलं. आक्का ओटीवर कैऱ्या चिरत होत्या. काकांनी निरोपाची भाषा सुरू केली, तशा त्या वैतागल्या.

"तुला तिहत्तर कवाच लागला," आक्का म्हणाल्या. "शालंत येक वरीस उशिरा घातला तुला. मास्तरानं वय कमी लिवला, आन तारीख टाकली येक जून."

आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनलाच येतो, तो या मास्तरांच्या कृपेने. हे ध्यानात असूनही काकांचं वय मोजताना मला ते सुचलं नव्हतं. आक्का सांगत होत्या की काका जन्मले तेव्हा पेरण्यांचे दिवस होते, म्हणजे महिना तोच, फक्त वर्ष चुकलेलं. मला एकदम हलकं वाटलं. मी काकांना म्हटलं की ज्याची धास्ती घेतली ते वर्ष तर तुम्ही काढलंत, आता चौऱ्याहत्तर लागेल आणि ते दोनने जातं.

काका हसले नाहीत. बोटं मोजत बसले.

"मंग ती गेली तवा मी बहात्तरचा व्हतो," ते हळूच म्हणाले.

आक्कांनी विळी बाजूला केली. काका उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले.

पनवेलच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते.

"तिची छाती दुकत व्हती रं," ते म्हणाले. "दोन दिस सांगत व्हती. मी म्हनलो, पित्त असंल. मागनं वरीसभर मनाला सांगत रायलो, आकडाच वंगाल व्हता."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. काकी गेल्यापासून काका पहिल्यांदाच रडत होते आणि मी त्यांचा हात धरून बसलो होतो.