मिरचीच्या ओट्यावरचा बर्फ

नंदुरबार जिल्ह्यात बर्फ पडत नाही, ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आलेली नव्हती. त्यामुळे फिगर स्केटिंगची कौशल्य चाचणी ऐन मे महिन्यात नंदुरबारलाच घ्यावी, असा आदेश निघाला. आदेश चुकीचा असला तरी अंमलबजावणी चोख हवी, या तत्त्वावर जिल्ह्याचं क्रीडा कार्यालय कामाला लागलं.

खांडबाऱ्याच्या लिडियाला मात्र ही चाचणी जिवापाड हवी होती. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरने दिलेले जुने चाकांचे स्केट्स घालून ती स्टेशनजवळच्या सिमेंटच्या धक्क्यावर अशा गिरक्या घ्यायची, की पॅसेंजरची वाट पाहणाऱ्यांना गाडी आल्याचं भान राहत नसे. उत्तीर्ण झाली तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा आणि खरीखुरी रिंक. नाहीतर दिवाळीनंतर आई रिबेकाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला.

प्रशिक्षक म्हणून दिग्विजय गिरासे सरांची नेमणूक झाली. त्यांनी जन्मात स्केट पायात घातला नव्हता. पण कबड्डीचे पंच म्हणून त्यांची सेवाज्येष्ठता दांडगी होती. ते स्केटिंग शिकवत नसत, चाचणी शिकवत. लिडियाने गिरकी घेतली तसे ते खेकसले, "पोरी, पाय कसाले उचलस? पडानी जोखीम शे! साहेबले पाहीसन नमस्कार कर, हात पसार, नि गुपचूप उभी ऱ्हाय."

"सर, मग स्केटिंग कधी करायचं?"

"पास व्हयनी का मंग जिंदगीभर कर!"

चाचणीला पुरेल एवढी मोठी सपाट जागा नंदुरबारात एकच होती. मिरची वाळवायचा सिमेंटचा ओटा. हंगामाची मिरची नुकतीच उचललेली. टेम्पोतून बर्फाच्या लाद्या आल्या, भुसा झटकून ओट्यावर मांडल्या गेल्या. स्केट्सना मंजुरी नव्हती, म्हणून चाचणीला आलेली पोरं अनवाणी.

परीक्षक साहेब उशिराच आले. त्या उन्हात त्यांना शाल पांघरण्यात आली. मग क्रीडा आणि चारित्र्य या विषयावर भाषण झालं. ते संपेपर्यंत बर्फाने ओट्यात मुरलेली सगळी मिरची पिऊन घेतली होती आणि लालभडक पाणी तेवढं उरलं होतं.

शिट्टी वाजली. पोरं पाण्यात उतरली, हसून नमस्कार केला आणि पुढच्याच क्षणी तळपायांची अशी आग झाली, की कोण एका पायावर नाचतंय, कोण किंचाळत गिरक्या घेतंय!

"वा! काय उड्या! काय भाव चेहऱ्यावर!" सरबताचा पेला ठेवून साहेब उठून उभे राहिले. "गिरासे, चमत्कार केलात!" सरांनी विनयाने मान झुकवली.

मग लिडिया आली. घरचे स्केट्स घालून ती त्या लाल पाण्यातून सरसर गेली, एका पायावर वळली, उडी घेऊन अलगद उतरली. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "उडीत तळमळ नाही. डोळ्यांत पाणी नाही. आणि ही चाकं कुणी मंजूर केली?"

"साहेब, यालाच स्केटिंग म्हणतात."

"ते आम्ही ठरवू."

सगळे उत्तीर्ण, ती तेवढी नापास. रडू आवरत ती सरांकडे गेली. "सर, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्हाला ठाऊक आहे."

"सांगसू, पुढला वर्षी सांगसू. आते मन्हा सत्कार शे."

सरांचा खासगी वर्ग सध्या जोरात आहे. बर्फ नाही, स्केट्स नाहीत; मिरची तेवढी घरून आणायची आणि निकाल शंभर टक्के. परवा त्या वर्गाच्या प्रवेशाच्या रांगेत कुणीतरी तुम्हाला लिडिया ऊसतोडीला गेल्याचं सांगितलं. तुम्ही मनापासून हळहळलात, आणि लेकराचा हात धरून एक पाऊल पुढे सरकलात.